मावशीच्या गच्चीवरचं यंत्र

बारकीला बसवत नव्हतं. खुर्चीत बसली की पाय हलायला लागायचे. उठून खिडकीशी गेली की वाटायचं, तो कागद परत एकदा बघावा. आणि कागद बघितला की परत उठावंसं वाटायचं. शेजारच्या टेबलावरचा नकाशेवाला शेवटी वैतागला. "मॅडम, पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या? माझ्या रेघा हलतायत इथे." ती सॉरी म्हणाली आणि परत उठली.

कागद म्हणजे काही कोर्टाची नोटीस नव्हती. वहीच्या पानाएवढा गाळणकागद, त्यावर काही लिहिलेलंसुद्धा नव्हतं. तो पांढरा होता, आणि हीच तर सगळी पंचाईत होती.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढे काय झालं त्याचा पत्ता लागायचा नाही. बारकी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी काडीसारखी होती म्हणून मावशीने ठेवलं. आता चाळिशीला टेकली, अंगाने चांगली भरली, तरी नाव काही सुटलं नाही. ऑफिसात तिला मॅडम म्हणत. काम काय, तर कुठे मोठं बांधकाम व्हायचं असलं की ते व्हायच्या आधी जायचं, आजूबाजूची हवा, पाणी, आवाज, झाडं सगळं मोजायचं, बांधकामाने त्याचं किती वाटोळं होईल याचा अंदाज बांधायचा आणि अहवाल लिहायचा. परवानगी द्यायची की नाही, ते सरकार तो अहवाल वाचून ठरवणार. बारकीकडे हवेचं खातं होतं. "आमची बारकी हवा मोजते," असं मावशी ज्याला त्याला सांगायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई उन्हात जास्त फिरली असेल.

या वेळचं काम होतं बंद पडलेल्या काचकारखान्याच्या जागेचं. तिथे बिल्डरला उंच इमारती उठवायच्या होत्या, दुकानं काढायची होती, आणि खाली गाड्यांसाठी तळघरावर तळघर खणायचं होतं. तळघरं खणायची म्हणजे डोंगराएवढी माती बाहेर काढायची. ती माती नेणाऱ्या ट्रकांचा रस्ता जात होता मावशीच्या गल्लीतून. मावशीच्या खिडकीखालून. आणि त्या खिडकीला लागून होता काकांचा पलंग.

काकांनी उभी हयात लाकडाच्या वखारीत करवतीपुढे काढली होती. भुसा खाऊन खाऊन छातीचं पार खोकं झालेलं. चार पावलं चालले की आत शिट्टी वाजायची. डॉक्टरने स्पष्टच सांगितलं होतं, धूळ टाळा, नाहीतर मी देतो ती औषधं म्हणजे नुसतं पाणी समजा. ट्रक वर्षानुवर्षं त्या खिडकीखालून गेले तर काकांचं काय होईल, हे कळायला कोणाच्या अहवालाची गरज नव्हती. आणि हे काका कोणी परके नव्हेत. बारकीची आई गेली तेव्हा ती शाळेत जात होती. मावशी आणि काकांनी तिला घरी आणलं ते आणलंच. तिच्या शाळेच्या फिया भुशातूनच आल्या होत्या.

तरी काम हातात आलं तेव्हा बारकी फारशी घाबरली नव्हती. तिला वाटलं होतं, हा प्रकल्प हवेवरच आपटणार. कसा, तर तिच्या धंद्यातला हिशेब सोपा असतो. पेला आधीच किती भरलाय ते बघायचं, मग वरून किती ओतता येईल ते ठरवायचं. गल्लीच्या तोंडाशी काँक्रीट कालवायचा कारखाना होताच. त्याच्या गाड्या दिवसरात्र. सकाळी खिडकीचा कठडा पुसला तर दुपारी तिथे परत नाव लिहिता यायचं. पेला काठोकाठ होता. यंत्राने तसं दाखवलं की बास, वरून एक थेंब ओतायला जागा नाही, बिल्डरने घरी जावं.

आणि यंत्राने दाखवलं की पेला रिकामा आहे.

यंत्र अगदी साधं. वरून छोट्या छपराचं पत्र्याचं खोकं, आत पंप. तो दिवसभर हवा ओढतो, हवा गाळणकागदातून जाते, धूळ कागदावर बसते. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा, संपलं. पण असं यंत्र ठेवायला गच्ची लागते, लाईट लागते आणि चोरीची भीती नसावी लागते. गल्लीत दारोदार फिरून बारकीच्या चपला झिजल्या. कोणी म्हणे लाईटचं बिल कोण भरणार, कोणी म्हणे घरघर ऐकून बाळ झोपत नाही. शेवटी मावशी म्हणाली, "आपली गच्ची काय ओस पडलीय? ठेव इथे." बारकीने ठेवलं. ऑफिसात सांगितलं, एका रहिवाशाच्या गच्चीवर ठेवलंय. रहिवासी आपली मावशी लागते, हे सांगितलं नाही. कोणी विचारलंही नव्हतं म्हणा. बाकीची यंत्रं लांब लांब होती, प्रकल्पाला सगळ्यात जवळचं हेच.

त्या गच्चीवरचे कागद एकामागून एक पांढरे आले. बारकीने पंप तपासला, नळी तपासली, तराजू तपासला. सगळं ठणठणीत. साहेबांना जाऊन म्हणाली, "मला काही हे पटत नाहीये." साहेब पोटावर हात ठेवून हसले. "मॅडम, हवा स्वच्छ निघाली म्हणून रडणारी तुम्हीच पहिल्या. यंत्राला कुठे नातीगोती असतात? आलं ते आलं. करा सही." तिने केली. दुसरं काय करणार होती? मनाला पटत नाही, असा रकाना काही अहवालात नसतो.

अहवाल वर गेला. आता उद्या सुनावणी होती, लोकांसमोर, आणि हवेबद्दल उभं राहून बोलायचं होतं बारकीलाच. म्हणून ती सकाळपासून जळत्या निखाऱ्यावर बसल्यासारखी करत होती.

दुपारी तिने पर्स उचलली आणि ती मावशीकडे निघाली. कोपऱ्यावर वळल्यावर, फाटकाला हात लावायच्या आधीच, नेहमीसारखी हाक मारली, "मावशी, आले गं!"

आत ओसरीवर गॅरेजवाला आणि शिलाईवाली बसले होते. उद्याची तयारी चालली होती. कोण काय बोलणार, कोणी ओरडायचं आणि कोणी ओरडायचं नाही. बारकीला बघून दोघं गप्प झाले. मग गॅरेजवाल्याने हात पुसत पुसत विचारलंच, "ताई, राग मानू नका. पण तुमच्या त्या अहवालात हवा उत्तम लिहिलीय. उत्तम! मी संध्याकाळी नाक शिंकरतो तेव्हा सिमेंट निघतं. यंत्रबिंत्र बिघडलं होतं का हो?"

"तपासलं होतं," बारकी म्हणाली. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"यंत्र कशाला बिघडेल?" मावशी आतून कडाडली. "माझ्या घरात बिघडेल? उगाच माझ्या पोरीच्या मागे लागू नका. उठा आता, जेवायची वेळ झाली."

दोघं उठून गेले. काका पलंगावर उशांना टेकून बसले होते. त्यांनी डोळा मिचकावला. "काय हवामापनअधिकारी, आज वारा कुठला?" हसता हसता त्यांना ढास लागली, आणि ती सुटेपर्यंत बारकी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. हाताखाली सगळी हाडंच लागत होती.

मग ती स्वयंपाकघरात गेली. मावशी ओट्यापाशी ताटं पुसत होती. मावशीचे गुडघे गेल्या वर्षीपासून कामातून गेले होते. जिना चढायचा नाही, असं डॉक्टरने सांगितलं होतं आणि बारकीने शपथ घालून वदवून घेतलं होतं.

"लोकांचं मनावर घेऊ नकोस," मावशी हळूच म्हणाली. "तुझं काम किती चोख ते मला माहीत आहे. तू म्हणाली होतीस ना, मावशी, फार महागाचं आहे, जपून, काही झालं तर माझ्या अंगावर येईल? बघ मग. मी त्याला धुळीचा कण लागू दिला नाही."

बारकीने ताट हातात घेतलं होतं, ते तसंच राहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे काय? झाकत होते. ती जुनी चादर आहे ना, धुऊन धुऊन विरलेली, तीच ओली पिळून वरून सोडायची, चारी बाजूंनी. दर दोन तासांनी परत ओली करायची, उन्हाने वाळते मेली." मावशीचा चेहरा असा खुलला होता की काय सांगावं. "तू हाक मारलीस की मी वर पळायची, ओढून काढायची. तुझे काका तुला दारात धरून ठेवायचे गप्पा मारत. नाहीतर तू ओरडली असतीस ना, जिना चढले म्हणून. आणि गच्चीवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारत होते. गल्लीतही सांगितलं होतं सगळ्यांना, यंत्र चालू असलं की आपापल्या दारात सडा घाला, पोरीचं यंत्र आहे. घातला हो सगळ्यांनी. गॅरेजवाल्याने तर पत्रे घासायचं मशीनसुद्धा बंद ठेवलं त्या त्या दिवशी. तोंडाने फटकळ आहे, पण मनाने चांगला."

बारकीला सगळं एका क्षणात समजलं. दारातले काकांचे न संपणारे विनोद, मावशीची लागलेली धाप, गच्चीवरची ओल. आणि ती तरी काय तपासत बसली होती? पंप! दुसरा कोणीही परका माणूस असता तर न सांगता सरळ गच्चीवर चढला असता आणि पहिल्याच दिवशी चादर बघितली असती. ही घरची. ही कोपऱ्यावरून हाका मारत यायची, आधी चहा प्यायची.

तेव्हाच सांगायला हवं होतं. अगं मावशी, ते यंत्र धूळ खायलाच ठेवलं होतं गं, तू त्याला उपाशी मारलंस. एवढंच वाक्य. पण मावशी ताट वाढत होती आणि तिच्या तोंडावर शाबासकी मागणाऱ्या पोरीसारखं हसू होतं. बाहेर काका खोकत होते. बारकीने ताट पुढे ओढलं. ती जेवली, घास मोजून गिळले, आणि पळाली.

ऑफिसात साहेबांच्या खोलीचं दार लावून तिने सगळं सांगितलं. साहेब आधी हसले. मग हसायचे थांबले.

"मावशीचं घर? हे मला आत्ता सांगताय?"

"चूक झाली."

"चूक नाही, फास झाला." साहेब उठून फेऱ्या मारायला लागले. खोली छोटी, साहेब मोठे. "उद्या तुम्ही हे बोललात तर बिल्डर म्हणणार, नातेवाइकांसाठी मुद्दाम केलं. लोक म्हणणार, आधी पैसे खाल्ले आणि आता पलटी मारली. दोन्हीकडून जोडे. तुम्हाला या धंद्यात कोणी दारात उभं करणार नाही, आणि मला तर नाहीच नाही. माझ्याकडे पोटं असलेली माणसं कामाला आहेत, मॅडम."

"पण आकडा खोटा आहे, साहेब."

"आकडा यंत्राने दिलाय. चादरीचं कोणाला माहीत आहे? तुम्हाला, मला आणि मावशीच्या घरी. मावशी काय सुनावणीत येऊन चादर फडकवणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला काय आवडतंय होय हे?" आणि ते खरंच होतं, त्यांनाही ते आवडत नव्हतं. पण न आवडलेली गोष्ट माणूस रोजच करतो.

रात्र कशी गेली ते विचारू नका. नवरा दोनदा म्हणाला, झोप आता. मग तोच उशी घेऊन बाहेर गेला.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. सुट्टीचा दिवस, म्हणून बाकं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडलेल्या. समोर टेबलामागे सरकारी अधिकारी बाई, कपाळाला आठ्या, हातात पेन. एका बाजूला बिल्डरची माणसं इस्त्रीच्या कपड्यांत, त्यांच्यात एक वकील. मागे सगळी गल्ली. काका येऊ शकत नव्हते. मावशी तिसऱ्या रांगेत, ठेवणीतले कपडे घालून, बारकी दिसेल अशा बेताने खुर्ची धरून बसली होती. बारकी व्यासपीठावर चढली तेव्हा मावशीने हात हलवला.

बारकीने माईक हातात घेतला. पाण्याचं झालं, आवाजाचं झालं, आता हवा. पडद्यावर आकडे आले. ती वाचायला लागली आणि तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटायला लागला. "सध्याची धुळीची पातळी मर्यादेच्या बरीच खाली आहे. त्यामुळे बांधकामाच्या काळात होणारी वाढ धरूनसुद्धा..."

"खोटं!" मागून कोणीतरी ओरडलं.

"आमच्या घरी या आणि श्वास घेऊन दाखवा!"

"किती घेतले, बाई?"

"विकली गेली! विकली गेली ही!"

गलका उठला. अधिकारी बाई टेबलावर पेन आपटायला लागल्या. बारकी माईक धरून उभी होती आणि तिला वाटत होतं, बरं होईल, कोणीतरी येऊन मला खाली ओढावं.

कोणी ओढलं नाही. मावशी उठली. खुर्चीच्या पाठीला धरून, एक गुडघा, मग दुसरा, अशी उठली, आणि मधल्या वाटेने पुढे येऊन तिने शिपायाच्या हातातला दुसरा माईक सरळ काढून घेतला.

"कोण म्हणालं रे विकली गेली?" मावशीचा आवाज माईकशिवायही पुरेसा होता. माईकवर तर खिडक्या वाजल्या. "ही माझी भाची. हिला मी वाढवलंय. उपाशी राहील पण खोटं बोलायची नाही. यंत्र माझ्या गच्चीवर होतं. माझ्या डोळ्यांदेखत होतं. ती म्हणते हवा चांगली, तर चांगलीच असणार! मी सांगते, यंत्रात काही लबाडी नाही. माझ्या जबाबदारीवर लिहून घ्या."

गल्लीतली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. आपल्याच बाजूची म्हातारी हे काय बोलून बसली? बिल्डरचा वकील मात्र अर्धा उठला, गोड हसला. "मॅडम, कृपया याची नोंद व्हावी. यंत्र ज्यांच्या घरी होतं ते रहिवासी स्वतः सांगताहेत की हवा चांगली आहे आणि मोजणी योग्य आहे."

अधिकारी बाईंनी मान हलवली आणि लिहायला पेन उचललं.

बारकीला काकांची पाठ आठवली, हाताखालची हाडं. ते पेन कागदाला टेकलं की झालं. ती नोंद मग कोणाच्या बापाला खोडता येणार नाही, आणि ती नोंद मावशीच्या नावाने होईल. बोल, तिने स्वतःला सांगितलं. बोल, चादर होती म्हण. तिने तोंड उघडलं. पहिल्या रांगेत साहेब बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली, नाही अशी. आणि तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते भलतंच होतं.

"मावशी," ती म्हणाली, "तू यंत्र कसं जपलंस, ते सांग ना सगळ्यांना."

साहेबांनी डोळे मिटले.

मावशीला काय, हुरूपच आला. वकिलाकडे बघून तिने सुरुवात केली, म्हणजे त्यालाही कळावं की आम्ही काही गबाळी माणसं नाही. "जपायचं कसं म्हणजे? डोळ्यांत तेल घालून! धूळ लागू नये म्हणून ओली चादर टाकत होते वरून, दर दोन तासांनी. गुडघे दुखत असताना वर चढत होते. गच्ची धुवत होते. आणि मी एकटीच नाही, सगळ्या गल्लीने पाणी मारलं. या शिलाईवालीने मारलं, त्या गॅरेजवाल्याने तर मशीन बंद ठेवलं..."

आधी कोणीतरी खुदकन हसलं. मग बिल्डरच्या माणसांतला एक पोरगेला इंजिनीअर हसला आणि त्याला वकिलाने कोपर मारलं. मग हशा पसरला, हां हां म्हणता सगळीकडे. मग गल्लीतल्या माणसांना एकेक करून समजत गेलं, आणि हशा तिथे तिथे विझला. गॅरेजवाल्याने कपाळावर हात मारला.

अधिकारी बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "ते यंत्र हवेतली धूळ पकडून मोजायला ठेवलं होतं. चादरीने धूळ बाहेरच राहिली. म्हणून हवा स्वच्छ दिसली."

मावशी माईक धरून उभी होती. तिने बाईंकडे बघितलं, मग पडद्यावरच्या आकड्यांकडे बघितलं. त्यातलं तिला काही वाचता येत नव्हतं असं नाही, पण ती नुसती बघत राहिली. आणि मग तिने वर बारकीकडे बघितलं. बारकीने खाली मान घातली.

पुढचं फार भराभर झालं. वकील ओरडला, हे संगनमत आहे. बाई म्हणाल्या, असेल तर तेही बघू, पण हवेची मोजणी रद्द, नवी मोजणी दुसऱ्या संस्थेकडून, सबंध मोसमाची, आणि ती येईपर्यंत ही फाईल जागची हलणार नाही. गल्लीने टाळ्या पिटल्या. शिलाईवालीने शिट्टी मारली, बाईमाणूस असून. गॅरेजवाला तर बारकीचे हात धरून हलवायला लागला, "ताई, मानलं तुम्हाला! काय पण डाव टाकलात! बिल्डरच्या तोंडात मारलीत की!" साहेब तिच्या शेजारून गेले. "उद्यापासून येऊ नका," एवढंच म्हणाले, रागाने नाही, दमल्यासारखे.

या सगळ्या गर्दीत मावशीला कोणी विचारलं नाही. बारकी वाट काढत तिसऱ्या रांगेपर्यंत गेली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

ती जवळजवळ धावतच गल्लीत आली. काँक्रीटच्या गाड्या चालू होत्या, उन्हात धूळ तरंगत होती. कोपऱ्यावर सवयीने हाक ओठांवर आली, ती तिने गिळली. मावशी पायरीवर बसली होती, चपला न काढता, गुडघे दोन्ही हातांनी दाबत.

"मावशी."

मावशी गुडघेच दाबत राहिली.

"मावशी, काम झालं. परत मोजणार आहेत. आता ट्रक इतक्यात येत नाहीत. काकांना..."

"तुला काल दुपारी कळलं होतं," मावशी म्हणाली. वर बघितलं नाही. "माझ्या ओट्यापाशी. तुझा हात ताटावर थांबला होता, मी बघितलं. मला वाटलं पोरीला भरून आलं."

बारकी फाटकापाशीच उभी राहिली.

"मला तिथे सांगितलं असतंस तर काय झालं असतं? मी मूर्खपणा केला, मूर्ख तर मूर्ख. रात्री रडले असते, सकाळी तिथे उठून मीच सांगितलं असतं. माझ्या तोंडाने, माझ्या मनाने. लाज वाटली असती, पण ती माझी मी पत्करलेली असती." तिने चपला काढून बाजूला ठेवल्या. "तू माझ्याकडून वदवून घेतलंस गं. तुझी जीभ उचलेना म्हणून माझी उचललीस. सगळे हसत होते आणि मी बोलतेय आपली, फुशारकी मारतेय."

"माझी हिंमत झाली नाही," बारकी म्हणाली. आता ती रडत होती. "मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. ऐन वेळी नाही जमलं."

"मी तुझ्यासाठी उठले होते," मावशी म्हणाली. "ते तुला विकली गेली म्हणत होते, म्हणून मी उठले होते."

आतून काकांचा खोकला सुरू झाला, लांबला, थांबेना. मावशी कठड्याला धरून उठली. बारकी हात द्यायला पुढे झाली. मावशीने हात घेतला नाही, झिडकारलाही नाही. आत गेली, आणि थोड्या वेळाने आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, पाठीवर थोपटल्याचा आवाज आला.

बारकी पायरीवर बसली. आत ये म्हणायला कोणी आलं नाही, आणि तीही उठली नाही.